श्वासाकडे पाहताना मन भटकते तेव्हा

प्रश्न : मी रोज पहाटे २० मिनिटे श्वासावर लक्ष ठेवून बसते, परंतु चार-पाच श्वासांतच मन डब्याच्या आणि कार्यालयाच्या विचारांत जाते. इगतपुरीच्या १० दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी रजा मिळत नाही. माझे काही चुकते आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपले काहीही चुकत नाही. मन भटकले हे ज्या क्षणी आपल्या ध्यानात येते, तो क्षणच सतीचा, म्हणजे जागरूकतेचा असतो. म्हणून स्वतःवर न चिडता पुन्हा नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे वळावे. पाली भाषेतील बौद्ध परंपरेत या साधनेला आनापानसती म्हणतात. यात प्राणायामाप्रमाणे श्वास रोखायचा किंवा मोजून घ्यायचा नसतो. तो दीर्घ असेल तर दीर्घ आणि आखूड असेल तर आखूड, एवढेच जाणायचे असते. नवशिक्यांची गल्लत बहुधा येथेच होते, असे मला वाटते. इगतपुरीच्या शिबिरातही पहिले तीन दिवस केवळ श्वासाचेच निरीक्षण करवून घेतात आणि विपश्यना, म्हणजे शरीरातील संवेदनांचे निरीक्षण, चौथ्या दिवशी शिकवतात, यावरून या पायाभरणीला किती अवधी द्यावा लागतो हे लक्षात यावे.

रजा मिळेपर्यंत साधना थांबवण्याचे कारण नाही. सतिपट्ठान सुत्त या बुद्धांच्या उपदेशात चालणे, खाणे, हातपाय आखडणे व पसरणे या क्रियाही सजगतेने करण्यास सांगितले आहे. तेव्हा पोळ्या लाटताना तळहाताखालच्या लाटण्याचा स्पर्श जाणावा, बसथांब्यापर्यंत चालताना पाऊल टेकल्याचे जाणावे. पहाटेची बैठक मात्र, १० मिनिटांची झाली तरी, मोडू नये.