ट्रॅपमधलं ओंजळभर पाणी

प्रश्न : घरातलं दुसरं बाथरूम महिना-महिना बंद असतं. उघडलं की गटाराचा भपकारा येतो. फिनेल ओतून वर बादलीभर पाणी टाकलं की दोन-तीन आठवडे बरं वाटतं, मग पुन्हा तेच. फिनेल बदलून बघू का?

उत्तर : फिनेल बदलू नका. वास घालवला तो फिनेलने नव्हे, त्यामागून गेलेल्या बादलीने. जाळी उचला आणि आत बॅटरी मारून बघा. पाणी चमकलं तर ठीक. नुसतीच कोरडी भिंत दिसली तर ट्रॅप सुकलाय. जाळीखालच्या या वाकड्या भागात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम अडून राहतं. घर आणि गटार यांच्यामधलं दार ते एवढंच, आणि वापर नसला की ते हवेत उडून जातं. संडासाच्या भांड्याखाली वाकडा पाइप देऊन पाणी अडवायची युक्ती लंडनच्या अलेक्झांडर कमिंगने १७७५ साली पेटंट केली. पेशाने तो घड्याळजी होता, प्लंबर नव्हे. आम्हा प्लंबरांना हे जरा मनाला लागतं.

नुसता वास येतोय म्हणून सोडून देऊ नका. २००३ मध्ये सार्स या श्वसनरोगाची साथ आली तेव्हा हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून जास्त रहिवासी आजारी पडले. तपासात आढळलं ते असं : लोक बाथरूमची फरशी पुसून घ्यायचे, पाणी ओतून धूत नसत, त्यामुळे ट्रॅप कोरडे पडलेले. एक्झॉस्ट पंखा लावला की तो जाळीतून हवा ओढायचा आणि सांडपाण्याच्या उभ्या पाइपातले विषाणूचे तुषार घरात यायचे.

तेव्हा आठवड्याला एक तांब्या पाणी ओता. लांबच्या मुक्कामाला निघालात तर पाण्यावर दोन चमचे तेल सोडा, पाणी लवकर उडत नाही.

तरीही दोन दिवसांत ट्रॅप रिकामा झाला तर ट्रॅप फुटलाय का ते बघा, आणि गच्चीवरच्या व्हेंट पाइपकडेही जा, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनला हवा देणाऱ्या उघड्या पाइपाकडे. हे मी स्वतः माती खाऊन शिकलोय. नवशिका होतो तेव्हा एका इमारतीत पक्षी काड्या टाकतात म्हणून व्हेंटच्या तोंडावर घट्ट टोपण ठोकून आलो. मालक खूश. तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश ओढला की खालच्यांच्या बेसिनमध्ये गुडगुड व्हायची आणि मागोमाग वास. पाणी वेगाने खाली जाताना मागे हवा ओढतं. वरून हवा मिळाली नाही की ते आजूबाजूचे ट्रॅप शोषून रिकामे करतं. टोपण काढलं, जाळी बसवली, मजुरी मागायची हिंमत झाली नाही. गटाराची हवा घरात येते का हे कळायला तेव्हा बाथरूमच्या जाळीपाशी उदबत्ती धरून धूर कुठे वळतो ते बघायचो. तुम्ही तसं करू नका, गटारात मिथेन असू शकतो. टिश्यू कागदाची पट्टी धरा, तीही हलते.

प्रश्न : वॉशिंग मशिनचं पाणी बाल्कनीतल्या पाइपात सोडलंय. ज्याने जोडलं तो म्हणतो, सगळे असंच करतात.

उत्तर : सगळे करतात म्हणूनच तर नाल्यांना फेस येतो. बाल्कनीतला पाइप बहुतेक वेळा पावसाच्या पाण्याचा असतो, आणि ते पाणी कुठलीही प्रक्रिया न होता थेट ओढ्या-नदीत जातं. साबणातल्या फॉस्फेटवर शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि मासे तडफडतात. खात्री करायची तर बादलीभर पाण्यात खाण्याचा रंग कालवून ओता आणि कुणाला तरी खाली सांडपाण्याच्या चेंबरपाशी उभं करा. रंग तिथे दिसला नाही तर मशिनची नळी बाथरूमच्या ट्रॅपमध्ये घ्या. उलटंही करू नका. गच्चीचं पाणी सांडपाण्याच्या लाइनला जोडलं तर जोराच्या पावसात चेंबर उकळ्या मारतात आणि मैला रस्त्यावर येतो.

प्रश्न : नळाला लावलेली नळी दिवसभर धुण्याच्या टबात बुडलेली असते. बायको ओरडते. तिचं बरोबर की माझं?

उत्तर : त्यांचंच. लाइनचा दाब अचानक उतरला तर नळी टबातलं पाणी उलटं ओढते आणि तेच साबणपाणी पिण्याच्या नळाला येतं. शिकागोत १९३३ साली दोन हॉटेलांतल्या अशाच सदोष जोडण्यांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि अमीबाच्या हगवणीने ९८ माणसं गेली. नळाचं किंवा नळीचं तोंड टबाच्या काठापेक्षा निदान २५ मिलिमीटर वर हवं, पाइप जाड असेल तर त्याच्या व्यासाच्या दुप्पट. नळी कायमचीच लावायची असेल तर उलटा प्रवाह अडवणारी तोटी बसवून घ्या. तोवर ती बाहेर काढून खुंटीला टांगा.