दाद जरूर द्या, पण ठेवीच्या मुद्दलातून नको

प्रश्न : मी 61 वर्षांची निवृत्त शिक्षिका असून साताऱ्यात राहते. हाइव्ह या ब्लॉकचेनवर (वाचकांच्या मतांनुसार लेखकांना क्रिप्टो टोकनमध्ये बक्षीस देणाऱ्या ऑनलाइन मंचावर) गेली तीन वर्षे मराठीत लिहिते. तेथे काही नवोदित फार चांगले लिहितात, पण माझ्या मताला वजनच नसल्याने त्यांच्या पदरात काही पडत नाही. पुढच्या महिन्यात 3 लाखांच्या ठेवीची मुदत संपते आहे. ती रक्कम हाइव्ह पॉवरमध्ये, म्हणजे मताचे वजन वाढवण्यासाठी अडकवून ठेवलेल्या टोकनांत, घालावी का? मतदानाचा मोबदलाही मिळेल. पेन्शन आहे आणि इतर ठेवी 8 लाखांच्या आहेत.

उत्तर : आपला हेतू चांगला आहे आणि पेन्शन असल्याने ही रक्कम बुडाली तरी घरखर्च अडणार नाही, हेही खरे, तरीसुद्धा माझा सल्ला नकारार्थी आहे. हाइव्हवर मताचे वजन लेखाच्या दर्जावर नव्हे, तर मत देणाऱ्याने किती टोकन अडकवून ठेवले आहेत यावर ठरते. म्हणजे आपण 3 लाख रुपये मोजून बक्षीस देण्याचा अधिकार विकत घेणार आहात, आणि त्याची किंमत रोज बदलणार आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये 3 डॉलरच्या वर गेलेला हाइव्हचा भाव वर्षभरातच 1 डॉलरच्या खाली आला होता. 2020 साली हाइव्ह ज्यातून फुटून निघाले, त्या स्टीमनेही 2018 मध्ये असाच उतार पाहिला होता.

भाव उतरू लागला म्हणून आपल्याला लगेच बाहेर पडता येणार नाही. पॉवर डाउन, म्हणजे अडकवलेले टोकन सोडवून घेणे, सुरू केल्यावर रक्कम 13 आठवड्यांत, दर आठवड्याला एका हप्त्याने मोकळी होते. समजा वर्षभरात मतदानाच्या मोबदल्याने टोकन 8 टक्क्यांनी वाढले आणि भाव 40 टक्क्यांनी उतरला, तर 3 लाखांचे 1,94,400 रुपये उरतील. हा तोटा कायद्याने दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वळता करता येत नाही की पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. नफा झाला तर मात्र त्यावर 30 टक्के कर, वर उपकर. शिवाय मोबदला म्हणून मिळालेले टोकन त्या दिवशीच्या भावाने उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर भरणे हाच सुरक्षित मार्ग असल्याने, टोकन विकण्याआधीच खिशातून कर जाऊ शकतो.

आता ज्यासाठी हा खटाटोप, त्या दर्जाकडे पाहू. पूर्ण वजनाच्या एका मताला सुमारे 2 टक्के मतशक्ती खर्च होते आणि दिवसाला 20 टक्के भरून येते. म्हणजे मोबदला पुरता पदरात पाडून घ्यायचा तर रोज दहा मते द्यावी लागतात. मराठीत रोज दहा लेख मनापासून दाद देण्याजोगे सापडतील का, हे आपण माझ्यापेक्षा चांगले सांगाल. सापडत नाहीत म्हणून पुष्कळ जण मतदान स्वयंचलित करून टाकतात, आणि मग लेख न वाचताच बक्षीस मिळते. (आपण न वाचता कधी पेपर तपासले नसतील.) त्यात लेखाच्या कमाईतला निम्मा वाटा मतदारांचाच असतो, त्यामुळे आपण दिलेल्या वजनाचा पूर्ण लाभ त्या मुलांना होतच नाही.

त्याऐवजी असे करता येईल. ठेव पुन्हा ठेवा. 7 टक्के दर धरला तर वर्षाला 21,000 रुपये व्याज येईल. त्यातून दरमहा 1,000 रुपयांचे बक्षीस, आपण स्वतः वाचून निवडलेल्या एका लेखाला, थेट त्या लेखकाच्या खात्यात पाठवा आणि लेख का आवडला ते त्याखाली चार ओळींत लिहा. वर्षाचे 12,000 गेले तरी मुद्दल शाबूत राहते, आणि नवोदिताला रुपये हातात मिळतात. नाहीतर हाइव्हवरच्या कमाईचा निम्मा भाग सहसा पॉवरच्या रूपातच अडकून राहतो.

मताचे वजन वाढवायचेच असेल, तर आपल्या लेखांवर तेथे जे मिळते तेवढेच पॉवरमध्ये राहू द्या, बाहेरून पैसे घालू नका. तेथे बँकेसारखी वारस नोंद नसते, म्हणून खात्याच्या किल्ल्या (पासवर्डसारखे गुप्त संकेत) कागदावर लिहून मृत्युपत्राबरोबर बंद पाकिटात ठेवा. गेल्या तीन वर्षांत मिळालेल्या टोकनांची तारीख आणि त्या दिवशीचा भाव एका वहीत उतरवून ती वही विवरणपत्र भरण्याआधी आपल्या सीएंना दाखवा. ते उत्पन्न आजवर दाखवले नसेल, तर आधी तेच काम हातात घ्या.