आधी टेप घ्या, मग दुकानात जा

टीव्ही घ्यायचाय? सोफ्यापासून तो लावायच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजलंत का? सात-आठ फूट असेल तर ५५ इंची फोरके, म्हणजे जास्त बारीक तपशील दाखवणारा, बिनधास्त घ्या. पाच-साडेपाच फुटांवर ४३ इंची पुरतो. हे इंच तिरके मोजतात हं. ५५ इंची टीव्ही रुंदीला साधारण १२२ सेंमी भरतो, शोकेसच्या खणात मावेल का ते बघा.

दुकानातल्या झगझगीत चित्रावर भाळू नका, तिथे रंग मुद्दाम भडक ठेवलेले असतात. पिक्चर मोड ‘सिनेमा’वर आणायला सांगा आणि साधी बातम्यांची वाहिनी लावून बघा. मग बाजूला जाऊन उभे राहा. व्हीए या प्रकारच्या पॅनेलवर, म्हणजे पडद्यावर, काळा रंग छान गडद दिसतो, पण कडेने बघितलं की रंग फिकटतात. आयपीएस या दुसऱ्या प्रकाराचं नेमकं उलट. आमचं जेवणाचं टेबल कोपऱ्यात, म्हणून मी आयपीएस घेतला. रात्रीच्या सिनेमात काळ्याऐवजी करडं दिसतं, चालतंय. ओएलईडी हा तिसरा प्रकार गडद काळ्यात आणि कडेने बघण्यात, दोन्हीत सरस, पण महाग. शिवाय दिवसभर एकच वाहिनी चालू असलेल्या घरात लोगोचा डाग उमटण्याची धास्ती.

पातळ टीव्हीचा आवाज बेताचाच असतो. साउंडबारपुरते (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) पैसे बाजूला ठेवा आणि टीव्हीचा आवाज त्याला पोचवणारं एचडीएमआय एआरसी पोर्ट आहे ना, एवढं विचारून घ्या.