लोटलेले दार

"मुलगी हल्ली सारखी दार लावून बसते." हे वाक्य समुपदेशनाच्या कामात मी पालकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की समोरची व्यक्ती खुर्चीत टेकत असतानाच ते येणार हे मला कळते. कधी मुलगी असते, कधी मुलगा; वय साधारण बारा ते सतरा; आणि वाक्यामागून येणारा प्रश्नही ठरलेला असतो, "आत करते तरी काय?" त्यांपैकी एका कुटुंबाची हकीकत येथे सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत आणि काही महिन्यांच्या भेटी मोजक्या संवादांत आणल्या आहेत.

मुलगी पंधरा वर्षांची. पहिल्या भेटीला आई एकटीच आली होती. शाळेतून आल्यावर मुलगी खोलीत जाते, दार बंद होते आणि जेवायला हाक मारेपर्यंत ते उघडत नाही, अशी तक्रार होती. "आमच्या घरात लपवण्यासारखं आहे काय? माझ्या माहेरी दारं फक्त रात्री लागायची," असे त्या म्हणाल्या. महिन्याभरापूर्वी वडिलांनी चार स्क्रू काढून खोलीची आतली कडीच उतरवली होती. त्यानंतर मुलगी दाराला आतून खुर्ची लावू लागली. खुर्ची फरशीवरून सरकल्याचा आवाज बाहेर येतो आणि तो कडीच्या आवाजापेक्षा वाईट वाटतो, हे आईंनी जाता जाता सांगितले. ते वाक्य मी वहीत लिहून घेतले, कारण ज्या घरात दाराचे आवाज इतके बारकाईने ऐकले जातात, त्या घरातला प्रश्न सहसा मुलीच्या खोलीपुरता नसतो.

पुढच्या भेटीत मुलगी आली. "दार का लावतेस?" असे मी विचारले नाही; तो प्रश्न तिला घरी पुरेसा विचारून झाला होता. मी विचारले, "कडी काढण्याआधी दार नेमकं कसं असायचं?"

"कसं म्हणजे?"

"सताड उघडं, किलकिलं, लोटलेलं की कडी घातलेलं?"

तिने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले. "लोटलेलं. कडी मी फक्त कपडे बदलताना घालायचे."

"हे आईला माहीत आहे?"

"तिनं कधी थांबून बघितलंच नाही. ती टकटक करते तेव्हा आत आलेलीच असते."

आपल्या भाषेने दाराच्या प्रत्येक अवस्थेला वेगळा शब्द दिला आहे. भांडणात मात्र घराघरांत 'उघडं' आणि 'बंद' एवढे दोनच शब्द उरतात. लोटलेले दार म्हणजे 'येऊ नका' नव्हे. 'येण्याआधी मला कळू द्या' एवढेच ते सांगते. हा फरक मी उपदेश म्हणून आईंना सांगितला असता, तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पूर्वीसारखेच दार ढकलले असते. म्हणून मी वाट पाहिली. वाट पाहणे हे या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे, आणि ते मला बऱ्यापैकी साधले आहे असे आता म्हणायला हरकत नाही.

तिसऱ्या किंवा चौथ्या भेटीला दोघी एकत्र बसल्या. मुलीने 'लोटलेलं' हा शब्द स्वतःहून वापरला. आई काही वेळ गप्प राहिल्या आणि मग माझ्याकडे न पाहता बोलू लागल्या. "माझे वडील चिडले की खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. दोन दोन दिवस बोलायचे नाहीत. आई आम्हाला खुणेनंच गप्प करायची. दार लागल्याचा आवाज आला की अजून माझ्या पोटात गोळा येतो."

माहेरी दारे फक्त रात्री लागत, असे याच बाईंनी पहिल्या भेटीत सांगितले होते. त्या खोटे बोलल्या नव्हत्या. दिवसा लागणाऱ्या त्या एका दाराला त्यांच्या मनात दार म्हणून जागाच नव्हती. त्याचे नाव अबोला होते. पंधरा वर्षांच्या मुलीने दार लोटले की आईला तोच अबोला पुन्हा सुरू झाल्यासारखे वाटे, आणि तो मोडण्यासाठी त्या धावत. लहानपणी त्यांना हे करता आले नव्हते.

मुलगी म्हणाली, "अगं, मी रागावून नाही लावत दार. दिवसभर सगळे बघत असतात. मला जरा कुणी बघत नसलेलं हवं असतं."

"मग आत करतेस काय?"

"काही नाही."

आई हसल्या, आणि मुलगीही. घरी रोज ठिणगी टाकणारे ते 'काही नाही' त्या दिवशी खरे उत्तर म्हणून ऐकले गेले.

बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1958 मध्ये मांडलेला एक विचार माझ्या कामाचा पाया आहे. एकटे राहता येणे ही प्रौढपणाची खूण आहे, आणि ती क्षमता कोणीतरी जवळ असताना, पण त्याने आपल्यात लुडबुड न करता, एकटे राहण्याच्या अनुभवातून येते, असे ते सांगतात. दाराआड 'काही नाही' करणारी आणि बाहेर घर जागे आहे हे जाणून असणारी मुलगी नेमके हेच शिकत असते. दाराचा अर्थ ऐकणाऱ्यागणिक बदलतो, हे मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनीही 1966 मध्ये नोंदवले होते. एकत्र काम करणाऱ्या अमेरिकनांना जर्मनांची बंद दारे तुटक वाटत, तर जर्मनांना अमेरिकनांची उघडी दारे अव्यवस्थित आणि गबाळी वाटत. जे दोन देशांत घडते ते एका घरातल्या दोन पिढ्यांत का घडू नये?

वडील एकदाच आले. "या वयात कसला आलाय खासगीपणा?" असे त्यांनी विचारले तेव्हा 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातील सोळावे कलम मी त्यांना सांगितले, मुलांच्या खासगी आयुष्यात मनमानी ढवळाढवळ होऊ नये, असे ते म्हणते. त्याचा काडीइतकाही परिणाम झाला नाही. मग स्वीडनमधल्या एका अभ्यासाचा उल्लेख केला. हाकान स्टाटिन आणि मार्गारेट कर यांनी 703 चौदा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास करून 2000 साली दाखवले की पालकांना मुलांबद्दल जे ठाऊक असते, ते पाळत ठेवल्याने नव्हे, तर मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितल्याने. हे मात्र त्यांना पटले, कारण कडी काढल्यापासून आपल्याला नवीन काहीही कळले नव्हते, हे त्यांच्या लक्षात आले. कडी त्याच आठवड्यात परत बसली.

असाच प्रश्न घेऊन येणाऱ्या पालकांना मी सांगते की टकटक आणि प्रवेश यांच्यात उत्तराला जागा ठेवावी. 'येऊ का?' असे विचारून उत्तराआधीच मूठ फिरवली तर तो प्रश्न राहत नाही, पूर्वसूचना होते. दार आपटले गेले तर लगेच मागे जाऊ नये. राग निवल्यावर आपटण्याबद्दल अवश्य बोलावे, दार लावण्याबद्दल नव्हे. कडी अडचणीच्या वेळी बाहेरून उघडता येईल अशी असावी, आणि ही सोय मुलांपासून लपवू नये. आईवडिलांच्या स्वतःच्या दारावर मुलांनी टकटक करावी अशी अपेक्षा असेल, तर मुलांना तो धडा त्यांच्याच दारावर मिळायला हवा. घर एका खोलीचे असेल तर दाराचे काम भिंतीकडे केलेली पाठ, कानातले हेडफोन किंवा कपाटातला एखादा खण करतो. त्यांनाही दाराइतकाच मान द्यावा.

बंद दारामागे कधी खरोखरच संकट असते, आणि ते दारावरून ओळखू येत नाही, दार उघडे असतानाच्या वागण्यावरून येते. झोप आणि भूक बिघडणे, मित्रमैत्रिणी तुटणे, आवडीच्या गोष्टींतून मन उडणे असे दोन आठवडे किंवा अधिक चालले, तर तज्ज्ञांची मदत घ्यावी. अंगावर जखमा दिसल्या किंवा जगण्याचा कंटाळा बोलण्यात आला, तर एक दिवसही थांबू नये आणि मुलाला एकटे सोडू नये. अशा वेळी खासगीपणाचा माझा सगळा युक्तिवाद मी स्वतः बाजूला ठेवते.

शेवटच्या भेटीत आईंनी सांगितले की कडी पुन्हा बसली असली तरी मुलगी ती क्वचितच घालते, आणि खुर्ची टेबलापाशी परत गेली आहे. टकटक केल्यावर त्या आता मनात पाचापर्यंत मोजतात. कधी आतून 'ये' येते, कधी 'नंतर'.

"'नंतर' म्हटलं की मी निघून जाते," त्या म्हणाल्या, "पण कान तिथंच राहतात हो."

"राहू देत," मी म्हणाले.