खारपाणपट्ट्यातील खेड्यात काचेच्या बाऊलमध्ये समुद्री प्रवाळ जगवता येतील का?

आपला प्रश्न असा आहे की, दर्यापूर तालुक्यातील आपल्या गावात विहिरीचे पाणी मुळातच खारे असल्यामुळे समुद्री मीठ विकत न आणता त्याच पाण्यावर आठ-दहा लिटरच्या काचेच्या बाऊलमध्ये छोटे प्रवाळ आणि एखादा क्लाउनफिश ठेवता येईल का, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते टिकतील का. मी अशाच मुलखात राहून असा बाऊल सांभाळत असल्यामुळे उत्तर आधी थोडक्यात देतो. प्रवाळ ठेवता येतील, पण मऊ जातीचेच. क्लाउनफिश ठेवू नये. विहिरीचे पाणी मात्र बाऊलमध्ये एक थेंबही वापरू नये, आणि हे का, ते नीट समजून घेतले तर पुढच्या बहुतेक अडचणी आपोआप लक्षात येतात.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे पाणी जिभेला खारट लागते, पण समुद्राच्या पाण्याशी त्याचे नाते चवीपुरतेच आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड, पावणेअकरा ग्रॅम सोडियम, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट, सव्वा ग्रॅमहून थोडे अधिक मॅग्नेशियम आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी सुमारे ०.४ ग्रॅम असते. ‘चॅलेंजर’ या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार यांनी केले आणि १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांवरून हे स्पष्ट झाले की, पाणी कमी खारट असो वा जास्त, या प्रमुख क्षारांचे आपापसांतील प्रमाण जवळपास सगळीकडे सारखेच असते. प्रवाळ, शंख-गोगलगायी आणि समुद्री कोळंबी यांची शरीरे या प्रमाणावर घडलेली आहेत. आपल्या विहिरीत सोडियम, क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांचे प्रमाण जमिनीच्या थरांनुसार गावोगाव बदलते आणि एकूण क्षार लिटरला सामान्यतः काही हजार मिलिग्रॅमच्या घरात असतात, तर समुद्रात ते ३५ हजारांच्या घरात असतात. विहिरीच्या पाण्यात स्वयंपाकाचे मीठ घालून खारटपणा वाढवला तरी प्रमाण जुळत नाही. हाच विचार पुढे नेऊन कोणी लोणारच्या सरोवराचे पाणी सुचवील. तिथल्या पाण्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास, तर समुद्राचा ८.१ च्या आसपास असतो, त्यामुळे समुद्री जीवांसाठी ते पाणी विहिरीच्या पाण्याहूनही वाईट.

म्हणून सुरुवात शक्य तितक्या कोऱ्या पाण्यापासून करावी लागते आणि त्यात मत्स्यालयासाठी तयार केलेले समुद्री मीठ विरघळवावे लागते. आता खारपाणपट्ट्यात कोरे पाणी मिळवणे हीच खरी मेख आहे. समजा, आपल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले एकूण क्षार, ३,००० मिलिग्रॅम आहे आणि घरच्या आरओने ९५ टक्के क्षार अडवले, तरी १५० उरतातच. शिवाय घरगुती यंत्रांत चवीसाठी टीडीएस वाढवणारा व्हॉल्व्ह किंवा खनिजांचे काडतूस बसवलेले असते, ते वेगळेच. गावातल्या प्लँटवरून येणाऱ्या वीस लिटरच्या कॅनचीही हीच गत असते. पिण्यासाठी त्यात काही वावगे नसले तरी बाऊलमध्ये दर आठवड्याला थोडे थोडे नायट्रेट आणि सिलिकेट जात राहिले की काचेवर तपकिरी थर आणि दगडावर हिरवी शेवाळी दोरी धरते. त्यामुळे टीडीएस मीटर घ्यावा आणि आरओनंतर डीआय रेझिनची, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या बारीक मण्यांची, एक नळी जोडून मीटरवर शून्य किंवा एक-दोन आकडा येईपर्यंत पाणी गाळावे. रेझिन लवकर संपू नये म्हणून आरओत जाणारे पाणी विहिरीचे न देता नळयोजनेचे दिलेले बरे.

मीठ लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागते. आठ लिटरला तीनशे ग्रॅमच्या आसपास. वजनावर विसंबून न राहता रिफ्रॅक्टोमीटर या खारटपणा मोजणाऱ्या उपकरणाने क्षारता ३५ (किलोमागे ३५ ग्रॅम क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, आहे याची खात्री करावी, आणि तो रिफ्रॅक्टोमीटर ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावा. मीठ नेहमी वेगळ्या प्लॅस्टिकच्या बादलीत, हवेचा दगड (पंपाच्या नळीच्या टोकाला लावायचा, बुडबुडे काढणारा) सोडून, एक दिवस आधी विरघळवावे. पाऊसकाळात मिठाची पिशवी उघडी राहिली की ते ओल धरून ढेकळे बनते, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा आधीच शोधून ठेवावा.

बाऊल लहान असणे ही या छंदातली सोय वाटते, प्रत्यक्षात तीच त्याची परीक्षा असते. पाणी उडून जाते तेव्हा क्षार मागे राहतात. चारशे लिटरच्या टाकीतून एक लिटर पाणी उडाले तर क्षारता ३५ वरून जेमतेम ३५.१ होते, आठ लिटरच्या बाऊलमधून अर्धा लिटर उडाले तर ती ३७ च्या वर जाते आणि एक लिटर उडाले तर थेट ४० होते. वैशाखात पंख्याखाली उघडा ठेवलेला बाऊल हे काम फार लवकर उरकतो. यावर उपाय असा की, बाऊलवर काचेचे किंवा ॲक्रिलिकचे झाकण असावे, हवेची नळी जाईल एवढेच भोक त्याला असावे, आणि बाहेरून काचेवर मार्करने पाण्याची रेघ ओढून सकाळ-संध्याकाळ त्या रेघेपर्यंत कोरे, बिनमिठाचे पाणी घालावे. उडालेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी घालणे ही नवशिक्यांकडून सर्रास होणारी गोष्ट आहे आणि तिने क्षारता दिवसागणिक चढत जाते. झाकणाच्या त्या भोकाभोवती बुडबुडे फुटून उडालेल्या तुषारांचे पांढरे, खरखरीत पापुद्रे जमतात. ते ओल्या कापडाने पुसून घ्यावेत, कारण त्यातला एखादा जाड तुकडा सुटून नेमका प्रवाळाच्या तोंडावर पडला तर तो भाग मिटून जातो आणि दिवसभर उघडत नाही.

आता उन्हाळा. या प्रवाळांच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशावर ते जे अन्न बनवते त्यावर प्रवाळाचा बराचसा निर्वाह चालतो. पाणी दीर्घकाळ तापले की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. १९९८ साली जगभरच्या प्रवाळ खडकांवर, आपल्या लक्षद्वीपमध्येही, हेच मोठ्या प्रमाणावर घडले. बाऊलचे पाणी २५ ते २७ अंशांवर असावे, २८ पर्यंत चालते, ३० च्या वर दिवसेंदिवस राहिले तर आशा धरू नये. बाहेर ४५ अंश असताना हे कसे साधायचे, तर आपल्या मे महिन्याचा कोरडेपणाच इथे कामी येतो. मातीचा माठ ज्या तत्त्वावर गार राहतो त्याच तत्त्वावर बाऊलही ठेवता येतो, फक्त बाष्पीभवन बाऊलच्या आतल्या खाऱ्या पाण्याचे न होता बाहेरच्या साध्या पाण्याचे व्हायला हवे. झाकण लावलेला बाऊल पसरट घमेल्यात साध्या पाण्यात ठेवावा, मागच्या अर्ध्या भागाला सुती कापड गुंडाळून त्याचे टोक त्या पाण्यात सोडावे आणि कापडावर छोट्या पंख्याचा वारा द्यावा. या घमेल्यात विहिरीचे पाणी खुशाल वापरावे. त्याचा एवढाच उपयोग या सगळ्या प्रकरणात आहे. जागा म्हणून टिनाच्या छपराखालची किंवा स्लॅबची वरची खोली टाळावी. धाब्याचे जुने घर असेल तर त्यातले माजघर सर्वांत उत्तम. खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कुलर चालत असेल तर काम आणखी सोपे होते.

ही युक्ती जूनमध्ये लंगडी पडते. मृगाचे ढग दाटले, हवा दमट झाली आणि पाऊस मात्र हुलकावणी देत राहिला की कुलर आणि ओले कापड दोन्ही निकामी होतात, आणि मेमध्ये तग धरलेला बाऊल त्या पंधरवड्यात हातचा जाऊ शकतो. त्या दिवसांसाठी फ्रीझरमध्ये पाण्याच्या लहान बाटल्या गोठवून ठेवाव्यात आणि त्या घमेल्यातल्या पाण्यात सोडाव्यात, बाऊलमध्ये कधीही नाही. हिवाळ्याची काळजी त्या मानाने किरकोळ आहे. रात्री पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा २५ वॅटचा थर्मोस्टॅट असलेला हीटर पुरतो.

वादळी पावसात वीज गेली तर आधी प्रश्न हवेचा येतो, उजेडाचा नाही. प्रवाळ दोन दिवस अंधारात राहू शकतात, पण बुडबुडे थांबले की पाणी स्थिर होते आणि गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. यूएसबीवर चालणारा हवेचा पंप घेतला तर मोबाईलच्या पॉवर बँकेवर तो बराच काळ चालतो. बाऊलमध्ये वेगळा फिल्टर लागत नाही. हा पंपच पाणी हलवतो आणि बाकीचे काम सच्छिद्र दगडावर वाढणारे जिवाणू करतात. ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात, पण कोऱ्या सुक्या दगडावर त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर बाऊलमध्ये फक्त दगड, वाळू आणि खारे पाणी ठेवावे, अमोनियासाठी चिमूटभर मत्स्यखाद्य टाकावे, आणि चाचणीत अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईपर्यंत एकही जीव आणू नये.

जीव निवडताना कायदा आधी पाहावा. कठीण सांगाड्याचे सर्व प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना आहे. मालवणला सहलीला गेल्यावर किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडाही पिशवीत टाकू नये. समुद्रघोडा आणि समुद्री काकडी यांनाही संरक्षण आहे. बाऊलसाठी डिस्कोसोमा म्हणजे मशरूम प्रवाळ, झोआन्थिड आणि झेनिया हे मऊ प्रकार पुरेसे आहेत. विक्रेत्याकडून ते संवर्धन केलेले असल्याची माहिती आणि पक्के बिल मागून घ्यावे. झोआन्थिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते, म्हणून ते हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि ते असलेला दगड कधीही उकळू नये किंवा कोरडा घासू नये. सोबत दोन-तीन सेरिथ गोगलगायी आणि हवी तर दोन सेंटिमीटरच्या आतबाहेरची सेक्सी श्रिम्प नावाची कोळंबी ठेवावी. क्लाउनफिशला निदान ७५ लिटर पाणी लागते आणि त्याच्या विष्ठेचा भार आठ लिटरला झेपत नाही. मासा हवाच असेल तर मोठी टाकी घ्यावी. बाऊलमध्ये मासा ठेवणे हा माझ्या मते छंद नव्हे, छळ आहे.

पाणी बदलण्याबाबत मी कडक आहे. दर आठवड्याला बाऊलमधले सगळेच्या सगळे पाणी काढून त्याच तापमानाचे आणि त्याच क्षारतेचे ताजे पाणी भरावे. यातूनच कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि क्षारधर्मिता (पाण्याची सामू टिकवून धरण्याची क्षमता) पुन्हा भरून निघते, वेगळी औषधे ओतावी लागत नाहीत. मऊ प्रवाळ काही मिनिटे हवेत उघडे राहिले तरी बिघडत नाही, समुद्रातही ओहोटीला ते असे उघडे पडतातच. खाणे आठवड्यातून एकदा, पाणी बदलायच्या आदल्या संध्याकाळी, तेही नखाएवढे. वर्षाला साधारण पंधरा-सोळा किलो मीठ लागेल. काढलेले पाणी नालीत सोडावे, तुळशीत किंवा परसबागेत नको. आपल्या जमिनीत मीठ आधीच काय कमी आहे!

शेतकरी घरात आणखी एक धोका असतो, ज्याचा उल्लेख शहरातले लोक करत नाहीत. तांबे हे समुद्री अपृष्ठवंशी जीवांना अगदी सूक्ष्म प्रमाणातही मारक आहे. संत्र्याच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावून किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी करून आलेला हात नुसता धुऊन बाऊलमध्ये घालू नये, त्या दिवशी ते काम दुसऱ्याला सांगावे. फवारणीच्या बादल्या, तांब्याची कळशी, पितळेचा गुंड यांपैकी काहीही या पाण्याला लागू देऊ नये. पऱ्हाटीवर (कपाशीवर) मारायची कीटकनाशके आणि डासांसाठी खोलीत लावायची कॉइल कोळंबीच्या जातीला लगेच भोवतात, आणि हवेचा पंप खोलीतली हवा सरळ पाण्यात ढकलत असतो. पंप फवारणीच्या सामानापासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवून लांब नळी ओढलेली बरी.

सुरुवात कोजागिरीनंतर, ऑक्टोबरचा उकाडा ओसरल्यावर करावी. जिवाणू बसेपर्यंत डिसेंबर उजाडतो, थंडीत कुरिअरने येणारे प्रवाळ उन्हाने भाजून निघत नाहीत, आणि उन्हाळा लागेपर्यंत आपल्या बाऊलमधून रोज किती पाणी उडते याचा अंदाज हाताला बसलेला असतो. मे महिन्यात लग्नसराईसाठी चार दिवस बाहेरगावी जावे लागले तर घरी राहणाऱ्यासाठी रोजच्या भरपाईचे कोरे पाणी मोजून वेगवेगळ्या बाटल्यांत भरून ठेवावे, बाटलीवर वार लिहावा, आणि खाणे मात्र कपाटात कुलूपबंद करून जावे.