रेडिएटरचा विजेचा पंखा दोन वेगांनी चालवायला 92 आणि 99 अंशांचे दोन टेम्परेचर स्विच (पाणी तेवढे तापले की जोडले जाणारे) घेतले आहेत. ते जोडताना मध्ये रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) घालणे खरोखर गरजेचे आहे का?

होय, गरजेचे आहे. "स्विचवर 15 अँपिअर छापलेले आहे, मग रिले कशाला?" हे तुमच्या प्रश्नातले वाक्य वाचून मला लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण तेच वाक्य आमच्या थोरल्या बंधूंनी मला माझ्याच गाडीच्या बॉनेटखाली वाकून ऐकवले होते.

त्या जुन्या गाडीचा पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून मी विजेचा बसवला होता. बॅटरीजवळ फ्यूज, तिथून रिलेची 30 क्रमांकाची पिन, 87 वरून पंखा, पंख्याची दुसरी वायर चॅसीला, म्हणजे अर्थला, आणि रिलेतले संपर्क जोडणाऱ्या कॉइलची 85 क्रमांकाची पिन रेडिएटरमधल्या स्विचमार्गे अर्थला, असे ते सरळसोट वायरिंग होते. पुढे मी महिनाभर बाहेरगावी असताना गाडी बंधूंकडे होती. त्या काळात रिलेच्या बैठकीतला एक लग (वायरच्या टोकाची धातूची पकड) सैल झाला आणि पंखा थांबला. पक्कडीने तो लग दाबला असता तर काम भागले असते. परंतु त्यांनी रिलेच उपटून टाकला, 30 आणि 87 च्या वायरी एकमेकींत पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळली आणि पंख्याची अर्थची वायर चॅसीवरून काढून थेट स्विचला नेली. पंखा फिरू लागला, आणि "तुझा रिले काढला आणि गाडी सुधारली" असा फोनही मला आला.

मी परतल्यानंतर तिसऱ्याच दिवशी सकाळी बॅटरी पार उतरलेली मिळाली. ती चार्ज करून आणली आणि क्लॅम्प टर्मिनलला टेकवताच ठिणगी उडून, रात्रभर गार पडलेल्या इंजिनासमोरचा तो पंखा भर्रकन फिरला. बंधूंचा निवाडा तयारच होता: बॅटरीवरून कायमचा पुरवठा देणाऱ्याची, म्हणजे माझी, चूक. मी वाद न घालता स्विच काढला, पत्र्याच्या डब्यात थंड पाणी घेऊन त्यात तो तारेने टांगला आणि मल्टिमीटरची टोके त्याच्या दोन पिनांना लावली. एरवी पाणी तापवत 92 अंशांपर्यंत न्यावे तेव्हा स्विच जोडला जाऊन मीटर वाजायचा. इथे थंड पाण्यातच तो वाजू लागला. बंधू म्हणाले, "मीटर खराब असेल." तेव्हा मी स्विच करवतीने कापला. आतले दोन्ही संपर्क वितळून मोहरीएवढ्या मण्यासारखे एकजीव झालेले होते आणि भोवतालचे प्लास्टिक काळे पडले होते. त्यावर, "स्विच हलका होता," असे उत्तर मिळाले.

स्विच हलका नव्हता. 12 ते 15 अँपिअरवर चालणारा पंखा सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट प्रवाह ओढतो, आणि बंद होताना मोटरच्या गुंडाळीमुळे संपर्कांमध्ये ठिणगी ताणली जाते. रहदारीत हे दर काही मिनिटांनी घडते. रिलेची कॉइल जेमतेम 0.15 अँपिअर घेते. स्विचचे काम तापमान ओळखणे, मोटरचा भार वाहणे नव्हे.

आता तुमच्या 92 आणि 99 अंशांच्या दोन स्विचांविषयी. दोन वेगांसाठी दोन रिले लागतील. पहिल्याचा पुरवठा प्रवाह कमी करणाऱ्या रेझिस्टरमधून पंख्याला द्यावा, दुसऱ्याचा थेट. रेझिस्टर मात्र त्याच पंख्याच्या मूळ गाडीतला घ्यावा, अंदाजाने घेतलेला जळतो. जागेचा प्रश्न लोक समजतात त्याहून नाजूक आहे. पाणी रेडिएटरमध्ये शिरते त्या गरम बाजूला स्विच बसवला, तो 92 ला चालू होऊन 87 ला बंद होणारा असला आणि थर्मोस्टॅट (इंजिनातले पाणी ठरावीक तापमानाला रेडिएटरकडे सोडणारी झडप) 88 चा असला, तर पंखा एकदा सुरू झाल्यावर थांबण्याची आशा सोडावी, कारण त्या बाजूचे पाणी 87 पर्यंत सहसा उतरतच नाही. तोच स्विच थंड बाजूला, खालच्या टाकीत बसवला तर नीट वागतो. थर्मोस्टॅट 82 चा असेल तर गरम बाजूही चालते. तुम्ही थर्मोस्टॅटचा आकडा लिहिलेला नाही. तो आधी पाहावा. एकाच पिनेचा स्विच आट्यांमधूनच अर्थ घेतो, म्हणून त्याच्यावर टेफ्लॉनची टेप गुंडाळू नये. शिवाय 99 चा स्विच उघड्या पाण्यात तपासण्याच्या भानगडीत पडू नये, कारण त्याआधीच पाणी उकळू लागण्याचा संभव असतो. त्यासाठी कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात घालायचे द्रव) मिसळलेले पाणी घ्यावे, पण स्वयंपाकाच्या भांड्यात कदापि नाही. कूलंट विषारी असते.

न्यायाला धरून सांगायचे तर काही जुन्या गाड्यांमध्ये कारखान्यातूनच पंख्याचा प्रवाह थेट स्विचमधून नेलेला असे. तिथे स्विच त्याच कामासाठी घडवलेला होता आणि पंखाही त्याच्या जोडीचा होता. बंधू अजून त्याच गाड्यांचे दाखले देतात.

आणखी एक गोष्ट. कॉइलची 86 क्रमांकाची पिन इग्निशनवरून घ्यावी, म्हणजे किल्ली काढल्यावर पंखा थांबतो; पट्ट्यावरचा पाण्याचा पंप इंजिनाबरोबर थांबलेला असताना पंखा फिरवून रेडिएटरपुरतेच पाणी थंड होते, इंजिनाला त्याचा फारसा उपयोग नसतो. मी मात्र तेव्हा 86 देखील थेट बॅटरीवर जोडली होती, त्यामुळे रिले जागेवर असता आणि स्विच अन्य कोणत्या कारणाने अडकला असता तरीही सकाळी बॅटरी उतरलेलीच मिळाली असती. बंधूंच्या हे अजून लक्षात आलेले नाही.