गावची जत्रा, गोव्याचा नाताळ आणि 25 वर्षांची मेंबरशिप

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो, गाव मालवणजवळ. मार्गशीर्ष वद्यात गावची जत्रा असते, ती आम्ही चुकवत नाही. यंदा तिथूनच पुढे नाताळासाठी गोव्याला जायचा मुलांचा हट्ट आहे. मॉलमध्ये एका कंपनीने हॉलिडे मेंबरशिप देऊ केली : 4.80 लाख रुपये, 25 वर्षं, दरवर्षी सात रात्री, शिवाय वर्षाला 16 हजार देखभाल शुल्क. 20 हजार टोकन भरलं आहे. 3 लाखांची एफडी मोडून बाकीचे 36 हप्त्यांत द्यावेत का?

उत्तर : ताई, एफडी मोडू नका आणि मेंबरशिपही घेऊ नका.

रात्रीला अवघे 2,743 रुपये पडतात, असं गणित तुम्हाला मॉलमध्ये मांडून दाखवलं असेल. त्यात देखभाल शुल्क धरलेलं नसतं. ते दरसाल 6 टक्क्यांनी वाढलं तरी 25 वर्षांत पावणेनऊ लाखांच्या वर जातं, म्हणजे मूळ किमतीच्या जवळजवळ दुप्पट. दोन्ही मिळून रात्रीला साडेसात हजारांपुढे. हॉटेलंही महागतील, मान्य. पण हॉटेल ज्या वर्षी नको त्या वर्षी पैसे द्यावे लागत नाहीत. इथे गेलात-न गेलात तरी शुल्क भरायचंच.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळाच आहे. तुमची सुट्टी तिथीवर चालते. 2025 साली दत्तजयंती 4 डिसेंबरला होती. यंदा, म्हणजे 2026 साली, अधिक ज्येष्ठामुळे ती 23 डिसेंबरला आली आहे. म्हणजे वद्य पक्षातली तुमची जत्रा थेट नाताळच्या आठवड्यात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा दहा-अकरा दिवस मागे. मेंबरशिपमध्ये आठवडे हंगामाप्रमाणे विभागलेले असतात, नाताळचा सगळ्यात महागड्या गटात. तुमची 4.80 लाखांची मेंबरशिप कुठल्या गटातली आहे, हे करारात पाहा. स्वस्त गटातली असली तर ज्यासाठी घेताय तो आठवडाच तीत बसत नाही.

आणि जत्रेला तुम्ही राहणार घरीच ना? देवीची ओटी भरायची, पालखीची प्रदक्षिणा बघायची, मग गोधडी अंगावर ओढून पहाटेपर्यंत दशावतार, सकाळी दहीकाला. दशावतारात संकासुराला बघून मुलं आजही आजीला बिलगतात, आणि परतताना खाज्याची पुडी हवीच. यात रिसॉर्टला जागा कुठे आहे? तुम्हाला खोल्या लागतात त्या गोव्यातल्या तीन रात्रींपुरत्या. त्यासाठी सात रात्री 25 वर्षं विकत घ्यायच्या?

गोव्याची तारीख थोडी पुढे ढकलता आली तर बघा. 24 डिसेंबर ते 1 जानेवारी खोल्यांचे भाव चढलेले असतात. त्यातही भाडं रात्रीला साडेसात हजारांपर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के, त्यावर गेलं की 18 टक्के. नाताळात साधी खोलीसुद्धा ही रेषा ओलांडू शकते. गोव्यातला नाताळ 25 तारखेला संपत नाही. 31 च्या रात्री सरत्या वर्षाचा म्हणून ‘ओल्ड मॅन’चा पुतळा जाळतात, त्यासाठी पोरं रस्त्यात दोरी आडवी धरून पैसे मागतात. चांदण्या आणि गोठे (येशूजन्माचे देखावे) पुढेही राहतात, 6 जानेवारीला रेइश मागूश, चांदर आणि कासावलीला तीन राजांचं फेस्त असतं. दोदोल, बेबिंका ही नाताळची मिठाई तेव्हाही मिळतेच. शाळा दोन-तीन दिवस बुडेल, तो निर्णय तुमचा. मी असतो तर बुडवली असती.

एफडीबद्दल. ‘एक टक्काच कापतील’ असं समजू नका. बँक आधी जितके दिवस ठेव राहिली त्या मुदतीचा दर लावते आणि त्यातून दंड वजा करते. दर साडेसहा टक्के धरला तरी 3 लाखांवर वर्षाला 19,500 रुपये व्याज येतं, करापूर्वी. गोव्याच्या खोल्यांचा बराचसा खर्च त्यातच निघावा. जो साधारण साडेचार हजारांचा हप्ता कंपनीला देणार होतात, तो आजपासून आरडीत टाका. डिसेंबरपर्यंत पाच हप्ते झाले तरी गाडीभाडं आणि जत्रेचा खर्च हाताशी राहील.

यजमानांना एलटीए (नोकरीतला सुट्टी-प्रवास भत्ता) मिळत असेल आणि त्यांनी जुनी करप्रणाली निवडली असेल, तर 2026-29 या चार वर्षांच्या गटातला एक प्रवास यंदा करसवलतीसाठी दाखवता येईल. सवलत फक्त प्रवासभाड्यावर मिळते, हॉटेलवर नाही, तेव्हा तिकिटं जपून ठेवा. कोकण रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं : 25 डिसेंबरची गाडी हवी असेल तर 26 ऑक्टोबरला सकाळी 8 वाजता बसा. कुडाळहून पुढे मडगावला मांडवी किंवा कोकणकन्या आहेच, भाड्याची गाडी लागत नाही.

टोकनचं आजच बघा. अशा बहुतेक करारांत ठरावीक दिवसांत रद्द केल्यास पैसे परत मिळण्याचं कलम असतं. ते कलम शोधा आणि ‘सदस्यत्व रद्द करत आहोत’ असं ईमेलने लेखी कळवा, पावती जोडा. फोनवर बोलून थांबू नका, फोनवर ते तुम्हाला आणखी एक ‘ऑफर’ देतील. मुदत उलटली असेल आणि 20 हजार बुडालेच, तर बुडू द्या. ते वसूल करण्यासाठी आणखी 4.60 लाख घालण्यात अर्थ नाही.